छाटलेले जाळे आणि उरलेली मराठी

मराठीत नवा शब्दकोश आला की त्याच्या नोंदींची परीक्षणे होतात. अनुवाद आला की मूळ शेजारी ठेवून तो तपासला जातो. गेल्या काही वर्षांत मात्र मराठीला एक निराळ्या जातीचा वाचक मिळाला आहे, आणि त्याच्या वाचनाचे परीक्षण आपण साहित्याच्या लोकांनी जवळजवळ केलेलेच नाही. हा वाचक म्हणजे मराठी मजकुरावर शिकवलेले संगणकी जाळे, ज्याला तंत्रज्ञ ‘डीप न्यूरल नेटवर्क’ म्हणतात. बातमी राजकारणाची की खेळाची, अभिप्राय खुशीचा की तक्रारीचा, वाक्यातले नाव माणसाचे की गावाचे, हे ते सांगते.

हे जाळे मोठे असते, म्हणून त्याची छाटणी करतात. छाटणी कुठे करावी हे ठरवण्यासाठी त्याच्या पोटात काय चालले आहे याची चित्रे काढता येतात. प्रस्तुत लेखाचा विषय ही चित्रे आणि ही छाटणी हा आहे. विषय तांत्रिक वाटेल, पण त्याच्या तळाशी असलेला प्रश्न भाषेचा आहे: यंत्र लहान करताना मराठीतले काय टाकले जाते, आणि ते टाकले गेले हे कोणाला दिसते?

मी आखाडा बाळापूरला राहतो. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातले, हिंगोली-नांदेड रस्त्यावरचे हे गाव. इथली बोलण्यातली मराठी छापील मराठीहून बरीच वेगळी आहे, आणि इथे बहुतेकांचा संगणक म्हणजे खिशातला फोन. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला जवळच्या वाटतात. यंत्र हलके झाले नाही, तर ते इथवर येणार नाही. आणि हलके होताना त्याने इथली भाषा टाकली, तर ते येऊनही उपयोग नाही.

१. जाळे आणि त्याचे वजन

आधी जाळ्याची रचना थोडक्यात पाहू. मजकूर एका बाजूने आत जातो, एकावर एक रचलेल्या थरांतून पुढे सरकतो आणि दुसऱ्या बाजूने उत्तर बाहेर पडते. प्रत्येक थरात पुष्कळ आकडे असतात. कोणत्या शब्दाचा दुसऱ्या कोणत्या शब्दाशी किती संबंध धरायचा, हे त्या आकड्यांवर ठरते. या आकड्यांना ‘वजने’ म्हणतात. ती कोणी हाताने लिहीत नाही. लाखो वाक्यांतला एखादा शब्द झाकून तो ओळखायला लावायचा, चुकला की वजने किंचित हलवायची, असे करत जाळे शिकते.

गूगलने २०१८मध्ये पुढे आणलेल्या ‘बर्ट’ या जाळ्याच्या मूळ आवृत्तीत असे १२ थर आहेत. प्रत्येक थरात शब्दांचे परस्परसंबंध तपासणारी १२ केंद्रे आहेत, आणि एकूण वजने सुमारे ११ कोटी. गूगलच्याच भारतातील संशोधकांनी २०२१मध्ये ‘म्युरिल’ आणले. इंग्रजीसह १७ भाषांसाठी केलेले हे जाळे त्याहून बरेच जड आहे. मराठीपुरते सर्वांत लक्षणीय काम पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ या गटाचे. त्यांनी २०२२मध्ये ‘महाकॉर्पस’ हा मराठी मजकुराचा साठा खुला केला. आंतरजालावरून गोळा केलेल्या या साठ्यात २.४८ कोटी वाक्ये आणि सुमारे २८.९ कोटी शब्द आहेत. त्यावर तयार केलेली ‘महाबर्ट’ मालिका कोणालाही फुकट वापरता येते. मराठीच्या इतिहासात या कामाची नोंद घ्यावी लागेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

साठ्यातला मोठा भाग वृत्तपत्री मजकुराचा आहे, ही गोष्ट मात्र पुढच्या चर्चेसाठी ध्यानात ठेवावी लागेल. हे जाळे मराठी शिकले ते मुख्यतः बातमीची मराठी शिकले.

एवढ्या वजनांचे ओझे फोनला किंवा शाळेतल्या जुन्या संगणकाला पेलत नाही. म्हणून छाटणी. तिचा उपयोग आपल्या भागाला किती आहे, हे कापसावरून कळेल. मुंबईत २०१८मध्ये सुरू झालेल्या वाधवानी संस्थेने बोंडअळीसाठी एक फोनवरचे साधन तयार केले. कामगंध सापळ्यात सापडलेले पतंग कोऱ्या कागदावर ओतायचे, फोटो काढायचा, आणि जाळ्याने पतंग मोजून फवारणीचा सल्ला द्यायचा. शेतात इंटरनेट मिळेलच असे नाही, म्हणून मोजणी फोनमध्येच व्हावी यासाठी त्यांनी जाळे छाटून बारीक केले. छाटणी नसती तर हे साधन शहरातल्या मोठ्या संगणकाच्या दावणीला बांधलेले राहिले असते. तेव्हा छाटणीला माझा विरोध नाही. आमच्यासारख्या गावांना तिचीच सर्वांत जास्त गरज आहे.

२. चित्र पाहून कापणे

जाळे छाटता येते ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील यान लकून, जॉन डेंकर आणि सारा सोला यांनी १९८९-९०मध्ये हस्तलिखित आकडे ओळखणाऱ्या जाळ्यावर तो प्रयोग केला. एखादे वजन काढले तर चूक किती वाढेल याचा त्यांनी गणिताने अंदाज केला आणि ज्यांच्या जाण्याने फारसे बिघडत नाही ती वजने काढून टाकली. २०१५मध्ये साँग हान आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की चित्रे ओळखणाऱ्या ‘अलेक्सनेट’ या प्रसिद्ध जाळ्यातली ६.१ कोटी वजने ६७ लाखांवर आणली तरी अचूकता तशीच राहते. नऊ हिश्शांतले आठ हिस्से जाऊनही परीक्षेतले गुण कमी झाले नाहीत.

मग ते आठ हिस्से तिथे करत काय होते? हा प्रश्न पडला की चित्राची गरज लागते. न्यूयॉर्क विद्यापीठातील मॅथ्यू झायलर आणि रॉब फर्गस यांनी २०१३मध्ये, जाळ्यातला कोणता भाग चित्रातल्या कशाला प्रतिसाद देतो हे उलट मार्गाने पुन्हा चित्रात उतरवून दाखवले. खालच्या थरांत रेघा आणि रंग, त्यावर पोत आणि नक्षी, आणखी वर कुत्र्याचे तोंड किंवा चाक अशी चढती भाजणी त्यांत दिसली. त्यांची दुसरी युक्ती तर शाळेतल्या मुलालाही समजेल. फोटोवर एक राखाडी चौकोन ठेवायचा, तो सर्वत्र सरकवायचा आणि जाळ्याचा विश्वास कुठे ढासळतो ते नोंदवायचे. कुत्र्याच्या तोंडावर चौकोन आला आणि जाळे गोंधळले, तर ते तोंड पाहूनच कुत्रा ओळखत होते.

या चित्रांचा उपयोग शोभेपुरता राहिला नाही. पहिल्या थरातले काही भाग निकामी पडले आहेत आणि दुसऱ्या थरात खोट्या नक्षी उमटत आहेत हे त्यांत दिसले, म्हणून त्यांनी रचना बदलली आणि जाळे सुधारले. त्याच लेखात त्यांनी थर काढूनही पाहिले. शेवटचे दोन जड थर, ज्यांत बहुतेक वजने होती, ते काढले तरी चूक थोडीच वाढली. मधले दोन थर काढले तरीही तसेच. पण दोन्ही एकदम काढल्यावर जाळे कोसळले. एकेकटा पाहिला तर प्रत्येक थर अनावश्यक वाटतो, आणि सगळे अनावश्यक एकदम काढले तर घर पडते. छाटणीच्या साहित्यातले मला सर्वांत शहाणपणाचे वाटणारे निरीक्षण हेच.

३. चित्रावर किती विसंबावे

भाषेच्या जाळ्याची चित्रे निराळी असतात. तिथे वाक्यातले शब्द दोन उभ्या ओळींत मांडतात आणि कोणता शब्द कोणाकडे ‘लक्ष देतो’ हे जाड-बारीक रेषांनी दाखवतात. जेसी व्हिग यांनी २०१९मध्ये अशी चित्रे काढणारे साधन खुले केले. त्याच वर्षी केव्हिन क्लार्क आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी बर्टची केंद्रे तपासली. काही केंद्रे क्रियापदाकडून कर्माकडे पाहत होती, तर पुष्कळशी केंद्रे शब्दांकडे पाहण्याऐवजी मजकूर तोडणाऱ्या खुणेकडेच टक लावून होती. पॉल मिशेल, ओमर लेवी आणि ग्रॅहम न्यूबिग यांनी, तेही २०१९मध्ये, दाखवले की पुष्कळ केंद्रे काढली तरी निकाल फारसा बदलत नाही, आणि काही थरांत तर एका केंद्रावर भागते. चित्राने रिकामटेकडे दाखवले आणि मोजणीने त्यांना घरी पाठवले, असा हा मेळ.

मेळ मोहक आहे, म्हणूनच इथे थांबायला हवे. चित्र दोन प्रकारे फसवते.

पहिला प्रकार प्रामाणिक चित्राचा. रामप्रसाद सेल्वराजू आणि सहकाऱ्यांची २०१७मधली ‘ग्रॅड-कॅम’ ही पद्धत फोटोतला कोणता भाग उत्तराला कारण झाला हे तापत्या रंगांत दाखवते. तिने एक अवघड गोष्ट उघड केली. डॉक्टर आणि परिचारिका ओळखणारे एक जाळे व्यक्तीचा चेहरा आणि केस पाहून निर्णय देत होते. शिकवणीच्या फोटोंत डॉक्टर बहुतेक पुरुष होते आणि परिचारिका बहुतेक स्त्रिया, त्यामुळे जाळ्याने पेशा शिकण्याऐवजी लिंग शिकून घेतले. चित्राने इथे आपले काम चोख केले. मात्र ते पाहणाऱ्याला शंका आली, म्हणून दोष दिसला. ज्याला डॉक्टर पुरुषच असतो असे वाटते, त्याला तेच चित्र निर्दोष वाटले असते.

दुसरा प्रकार अप्रामाणिक चित्राचा. ज्युलियस अडेबायो आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये एक सोपी परीक्षा घेतली. शिकलेल्या जाळ्याची वजने विस्कटून टाकायची आणि चित्र बदलते का ते पाहायचे. काही पद्धतींची चित्रे बदलली, ग्रॅड-कॅमचीही बदलली. काही लोकप्रिय पद्धती मात्र जाळे पार बिघडवल्यावरही पूर्वीसारखेच सुबक चित्र काढत राहिल्या. ती चित्रे जाळ्याबद्दल काही सांगतच नव्हती. फोटोतल्या कडा तेवढ्या पुन्हा गिरवत होती. भाषेच्या बाजूला सार्थक जैन आणि बायरन वॉलेस यांनी २०१९मध्ये दाखवले, की लक्षाच्या रेषा पुष्कळ बदलूनही तेच उत्तर मिळवता येते, म्हणून त्या रेषांना स्पष्टीकरण समजू नये. त्यावर सारा वीग्रेफ आणि युव्हाल पिंटर यांनी प्रतिवाद केला, की रेषा अगदीच निरर्थक नाहीत. ‘स्पष्टीकरण’ कशाला म्हणायचे यावर हा वाद अडला, आणि टीकाशास्त्र वाचलेल्या माणसाला तो अनोळखी वाटणार नाही. संहितेचा एक सुसंगत अर्थ लावता आला म्हणजे तो संहितेतच होता असे ठरत नाही, हे आपण जाणतो.

चित्राच्या खरेपणाची एक कसोटी मला पटते. चित्र ज्याच्यासाठी काढले, त्याला ते खोडून काढता यायला हवे. पतंग मोजणारे जाळे मोजलेल्या प्रत्येक पतंगाभोवती चौकट आखू शकते. चौकटीत पतंगाऐवजी पाचोळ्याचा तुकडा असेल, तर शेतकरी तिथल्या तिथे ते चूक आहे म्हणू शकतो. भाषेच्या जाळ्यातली लक्षरेषा अशी खोडता येत नाही. ती पाहणारा बहुधा अभियंता असतो, आणि ज्याचे वाक्य आहे तो माणूस त्या खोलीत नसतो.

४. महाबर्टची छाटणी

आता पुण्याच्या कामाकडे येतो. एलथ्रीक्यूब गटाच्या संशोधकांनी २०२५च्या आरंभी एक प्रबंध मांडला. प्रश्न सरळ होता: मराठीसाठी छोटे जाळे हवे असेल, तर ते मुळापासून नवे शिकवावे, की मोठ्या जाळ्याचे थर काढून घ्यावे? त्यांनी महाबर्टची दुसरी आवृत्ती आणि म्युरिल घेतले. वरचे, मधले आणि खालचे थर वेगवेगळ्या प्रयोगांत काढले. मग बातम्यांचे विषय ओळखण्याच्या तीन परीक्षा घेतल्या: छोटे मथळे, परिच्छेद आणि पूर्ण बातम्या. यासाठी वापरलेल्या ‘महान्यूज’ या संचात १२ विषयांत विभागलेल्या एक लाखाहून अधिक नोंदी आहेत.

निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. थर काढलेली जाळी पूर्ण जाळ्यांच्या जवळपास पोचली. तेवढ्याच आकाराच्या, मुळापासून शिकवलेल्या छोट्या जाळ्यांपेक्षा ती सातत्याने सरस ठरली. केवळ मराठीवर घडवलेले जाळे बहुभाषक जाळ्याला मागे टाकते, हेही दिसले. मधले थर काढणे त्यातल्या त्यात परिणामकारक ठरले. पण प्रत्येक जाळ्यासाठी आणि प्रत्येक परीक्षेसाठी एकच पद्धत जिंकते असे नाही, हे लेखकांनी स्वतःच मोकळेपणाने नोंदवले आहे. साधने थोडी असताना केलेले हे नेटके, उपयोगी काम आहे. छोट्या भाषांच्या लोकांनी मोठ्या कंपन्यांची वाट पाहत बसू नये, हा त्याचा संदेश मला मोलाचा वाटतो.

माझा आक्षेप कामाच्या दर्जावर नाही, त्यातून कोणी काढू नये अशा अर्थावर आहे. तीनही परीक्षा बातम्यांच्या आहेत. जाळे मुख्यतः बातम्यांवर शिकले, छाटल्यावर बातम्यांवरच पुन्हा सरावले आणि बातम्यांवरच तपासले गेले. क्रिकेटची बातमी ओळखायला ‘षटक’ आणि ‘बळी’ हे दोन शब्द पुरतात, त्यासाठी वाक्याची घडण कळावी लागत नाही. अशा परीक्षेत थर गेले तरी गुण टिकले, याचा अर्थ त्या परीक्षेला ते थर लागत नव्हते. मराठीला ते लागत नाहीत असा त्याचा अर्थ होत नाही.

दुसरे असे की थर कोणते काढायचे हे जागेवरून ठरले: वर, मध्ये, खाली. त्या थरांत मराठीचे काय साठले आहे, हा प्रश्न त्या प्रयोगाचा नव्हता. इंग्रजीपुरता तो इयन टेनी आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये विचारला. शब्दाची जात खालच्या थरांत, वाक्याची रचना त्याच्या वर, आणि ‘तो’ म्हणजे नेमका कोण यासारखे संदर्भ आणखी वर उलगडतात, असा साधारण क्रम त्यांना दिसला. मराठीत विभक्तीचे प्रत्यय, सामान्यरूप आणि क्रियापदाची रूपे यांचा भार इंग्रजीहून कितीतरी जास्त. इथे कोणत्या थरात काय बसले आहे याचा नकाशा काढून मग कात्री लावली, तर ‘कोणतीच पद्धत सर्वत्र जिंकत नाही’ या कोड्याचे निदान कारण तरी कळेल. चित्र आणि छाटणी यांची गाठ मराठीत अजून नीट बसायची आहे.

५. ‘करायला’चे काय होते

एक उदाहरण घेतो. प्रमाण मराठीत ‘तो हळद शिजवायला गेला’ या वाक्यातला ‘शिजवायला’ हेतू सांगतो. क्रिया अजून व्हायची आहे. आमच्या भागात ‘तो हळद शिजवायला’ हे पूर्ण वाक्य आहे, आणि त्याचा अर्थ तो हळद शिजवत आहे. ‘पाऊस पडायला’ म्हणजे पाऊस पडतो आहे. ‘ती जेवायली’, ‘मी यायलो’, ‘ते बोलायले’ अशी या क्रियारूपाची रीतसर लिंग-वचन-पुरुषाची रूपे आहेत. स्त्रीलिंगात आणि अनेकवचनात रूप वेगळे दिसते. पुल्लिंगी तृतीयपुरुषी एकवचनात मात्र छापील मराठीतल्या हेत्वर्थी रूपाशी ते अक्षरशः जुळते. अर्थ तेवढा पालटतो: होणार असलेली गोष्ट होत असलेली ठरते.

हा फरक कशावरून कळतो? पुढे दुसरे क्रियापद आहे की नाही, यावरून. म्हणजे शब्द ओळखून भागत नाही, वाक्याची घडण पाहावी लागते. वृत्तपत्री मजकुरात ‘-आयला’वर संपणारे पूर्ण वाक्य विरळाच. त्यामुळे ही रचना शिकण्यासाठी जाळ्याने जी काही वजने वळवली असतील, ती थोडी आणि बारीक असणार. छाटणीचा साधा नियम बारीक वजने आधी काढण्याचा असतो. थर काढण्याच्या पद्धतीत नियम वेगळा, पण नंतरचा सराव बातम्यांवरच झाला, तर हरवलेली दुर्मीळ रचना परत येण्याची वाट उरत नाही. हा माझा तर्क आहे. मात्र तो हवेतला नाही, त्याला दोन अभ्यासांचा आधार आहे.

सारा हूकर आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये विचारले, की छाटलेले जाळे नेमके काय विसरते? सरासरी अचूकता जवळपास तशीच राहते, पण तोटा सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही, असे त्यांना आढळले. तो काही वर्गांवर आणि काही थोड्या नमुन्यांवर एकवटतो. हे नमुने बहुधा दुर्मीळ, आडवळणाचे, माणसालाही विचार करायला लावणारे असतात. दुसरा अभ्यास आपल्याला आणखी जवळचा. ओरेवाओघेने आहिया, ज्युलिया क्रॉइट्झर आणि हूकर यांनी २०२१मध्ये योरुबा, इग्बो आणि हौसा या आफ्रिकी भाषांत, आणि तुलनेसाठी जर्मनमध्ये, अनुवाद करणारी जाळी छाटून पाहिली. नेहमीच्या धाटणीची वाक्ये टिकली, विरळ वाक्यांना जास्त मार बसला. संगणक तुटपुंजे म्हणून छाटणी हवी आणि मजकूर तुटपुंजा म्हणून छाटणीचा घाव खोल, अशी छोट्या भाषांची दुहेरी कोंडी त्यांनी मांडली.

त्याच अभ्यासाने उलट बाजूही दाखवली आहे. शिकवणीहून अगदी वेगळ्या धाटणीच्या मजकुरावर छाटलेले जाळे कधीकधी अधिक टिकाव धरते, कारण त्याने पाठांतर कमी केलेले असते. तेव्हा छाटणीने बोली मरतेच असे आधीच ठरवून टाकणे हाही आळस होईल. पाहिल्याशिवाय कळणार नाही, एवढेच म्हणता येते.

औंढा नागनाथाचे मंदिर आणि नामदेवांचे नरसी, दोन्ही आमच्याच जिल्ह्यात. विसोबा खेचरांची आख्यायिका इथे सर्वांना ठाऊक आहे. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या म्हाताऱ्याला नामदेवांनी हटकले. तो म्हणाला, देव नसेल तिथे माझे पाय ठेव. नामदेव पाय उचलून जिथे ठेवत, तिथे पिंड दिसे. जाळे छाटणारा माणूसही अशीच एक जागा शोधत असतो, जिथे काही नाही आणि म्हणून जिथे कात्री लावता येईल. सरासरीच्या नजरेने पाहिले तर अशा जागा पुष्कळ दिसतात. ‘पाऊस पडायला’ म्हणणाऱ्याच्या वाक्यावरून पाहिले, तर त्यांतल्या किती खरोखर रिकाम्या आहेत?

६. काय मागावे

आमच्याकडे कापसाच्या ओळीत दाटी झाली की विरळणी करतात, आणि कुठे बी उगवलेच नसेल तर नांग्या भरतात. नुसती विरळणी करून नांग्यांकडे न पाहणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. भाषेच्या जाळ्याबाबतही दोन्ही कामे बरोबरीने व्हावीत, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यासाठी तीन गोष्टी मागाव्यात असे वाटते.

पहिली, परीक्षेचा मजकूर रुंद हवा. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून गावोगावचे नमुने आणि व्याकरणिक वैशिष्ट्यांचे नकाशे खुले केले आहेत. शेती आणि पैशाचे व्यवहार या विषयांवरचे बोलणे, मराठीसह नऊ भारतीय भाषांत, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘रेस्पिन’ प्रकल्पाने जमवले आहे. म्हणजे साहित्य मुळीच नाही असे नाही. छाटलेल्या प्रत्येक मराठी जाळ्याची अशा मजकुरावर निराळी परीक्षा व्हावी आणि तिचे गुण सरासरीत न मिसळता वेगळे छापावेत.

दुसरी, थरांचे चित्र बातमीच्या वाक्यांवर काढतात तसेच बोलीच्या वाक्यांवरही काढावे. ‘तो शिजवायला गेला’ आणि ‘तो शिजवायला’ या दोन वाक्यांचा मार्ग जाळ्यात कोणत्या थरापाशी वेगळा होतो, की होतच नाही, हे पाहणे अवघड नाही. अडेबायोंच्या परीक्षेसारखी खातरजमा करून मगच त्या चित्रावर विसंबावे. पण चित्र ज्या वाक्यावर काढले, त्या वाक्यापुरतेच ते बोलते. न विचारलेल्या वाक्याची जागा त्यात कायम रिकामी दिसणार.

तिसरी मागणी सर्वांत साधी आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जाळे छाटले की, छाटणीपूर्वी आणि छाटणीनंतर ज्या वाक्यांचे उत्तर बदलले त्या वाक्यांची यादी प्रसिद्ध करावी. हूकर यांच्या अभ्यासाचा गाभा अशाच यादीत आहे. टक्केवारी छापली तर ती दोनचार अभियंते वाचतील. वाक्यांची यादी छापली तर मराठी येणारा कोणीही ती वाचू शकेल. हिंगोलीतला हमाल, कळमनुरीच्या आदिवासी पाड्यावरची शिक्षिका, तांड्यावरून शाळेत येणारा विद्यार्थी, बोलीचा अभ्यासक, कथाकार यांपैकी कोणालाही बोट ठेवून सांगता येईल, की हे वाक्य बरोबर आहे, यंत्र चुकले. मघाच्या कसोटीला उतरणारे चित्र मला हेच वाटते, कारण ज्याचे वाक्य आहे त्याला ते खोडून काढता येते.

समीक्षेचे कामही यातूनच सुरू होईल. पाठभेद जुळवणे, विरळ रूप चूक की बोली हे ठरवणे, संपादकाने काय गाळले याचा छडा लावणे, ही कामे मराठी अभ्यासक शतकाहून अधिक काळ करत आले आहेत. छाटलेले जाळे हीही एक संपादित संहिता आहे. फरक एवढाच, की तिच्या संपादकाने काय गाळले हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. ते शोधायला गणित लागेल आणि ते पुण्या-मुंबईचे तरुण जाणतात. गाळलेले ओळखायला लागणारा कान मात्र गावोगाव आहे. बदललेल्या वाक्यांची पहिली यादी कोणी छापली, तर तिचे परीक्षण करायला मी तयार आहे, आणि ते अशाच एखाद्या दिवाळी अंकात, कवितासंग्रहांच्या परीक्षणांशेजारी यावे असे मला वाटते.